निवतीच्या लहानशा किनाऱ्यावर स्नॉर्केलिंग करायचंय, बडोद्याहून जातोय. पाणी कसं ओळखायचं?

शियाबागची माधवी

नमस्कार मंडळी,

थंडीत आम्ही पाच जण कोकणात जातोय. मी (वय ५३), आमचे हे (५८, बीपीची गोळी चालू आहे), मुलगी, जावई आणि नणदेचा पंधरा वर्षांचा मुलगा. हा मुलगा पाणी दिसलं की कोणाचं ऐकत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मालवणला पूर्वी जाऊन आलोय. तिथे बोटीतून नेलं, लाइफ जॅकेट चढवलं आणि पाण्यात सोडलेली दोरी धरून सगळ्यांना ओळीने डोकं खाली घालायला सांगितलं. बोटवाल्याने पावाचे तुकडे टाकले, मासे आले, फोटो निघाले, ‘चला, पुढचे’ झालं. मासे पाहिले खरे, पण डोळे स्थिरावेपर्यंत वर यायची वेळ झाली. मला हेच स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून पालथं तरंगत पाण्याखालचं बघणं, शांतपणे, आपल्या गतीने, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरून करायचंय. जावयांच्या ओळखीतून निवतीला किल्ल्याच्या खालच्या अंगाला एका घरी राहायची सोय होतेय. दोन्ही बाजूंना डोंगराची टोकं समुद्रात शिरलेली, मध्ये छोटासा वाळूचा किनारा, गर्दी जवळजवळ नाही.

मी लालबागच्या स्विमिंग पूलमध्ये बायकांच्या बॅचला नियमित जाते. दम चांगला आहे, पण समुद्रात कधी पोहलेले नाही. आपण बडोदेकरांनी समुद्र पाहायचा तो कावी-कंबोईला, स्तंभेश्वराच्या दर्शनाला गेल्यावर. भरतीत ते देऊळ पाण्याखाली जाताना यांनी पाहिलंय, आणि तेव्हापासून ‘तुम्ही उतरा, मी काठावर बसतो’ हे यांचं पक्कं आहे. त्यांना जबरदस्ती करायची नाही, पण नुसतंच बसवून ठेवायलाही जीव होत नाही.

मला विचारायचंय ते असं. गाइड न घेता किनाऱ्यावरून उतरणं शहाणपणाचं आहे का? दिवसाची कोणती वेळ धरायची? पाणी आज उतरण्यासारखं आहे की नाही, हे आमच्यासारख्यांना कसं कळावं? माझा नंबर उणे साडेचार आहे, चष्म्याशिवाय मासा आणि दगड मला सारखेच. आणि ऑनलाइन तो सगळा चेहरा झाकणारा मास्क दिसतो, तो घ्यावा का?

कृपया अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहा.


निनाद, कारेलीबाग

ताई, एवढ्या लांब जायच्या आधी गुजरातमधलंही पाहा. द्वारकेजवळ शिवराजपूरचा किनारा स्वच्छ आहे. काकांसाठी तर वाडीनारजवळचं नरारा उत्तम. कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ सालचं, देशातलं पहिलं. तिथे ओहोटीला गुडघाभर पाण्यातून चालत प्रवाळ, ऑक्टोपस, समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे समुद्री प्राणी) पाहता येतात, पोहावं लागत नाही. वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या लागतो आणि ओहोटीची वेळ गाठावी लागते.

खंभातच्या आखातात मात्र कुठेच मास्क नेऊ नका. मही, नर्मदा, साबरमती, तापी, सगळ्यांचा गाळ तिथे आणि भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या वर जातो. पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही.


परुळ्याचा, हल्ली मांजलपूर

माधवीताई, माझं आजोळ परुळ्याला. लहानपणीच्या सुट्ट्या भोगवे-निवतीच्या पाण्यात गेल्या. पुढे नोकरीसाठी बडोद्याला आलो आणि इथलाच झालो, पण थंडीत अजून तिकडे जातो आणि मास्क बरोबर असतोच. तुम्ही मनापासून विचारलंय, म्हणून मीही हात राखून लिहीत नाही.

जागा छान निवडलीत. पण स्नॉर्केलिंगला जागेपेक्षा वेळ मोठी. तोच खडक सकाळी लख्ख दिसतो आणि दुपारी ताकात बुडवल्यासारखा. लोक जागा विचारतात, हॉटेल विचारतात, मास्कची किंमत विचारतात. तिथी कोणी विचारत नाही. माझ्या मते सुरुवात तिथूनच करायची.

घरातलं कालनिर्णय काढा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, त्यामुळे ओढही जास्त आणि तळाची वाळूही जास्त ढवळते. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांग असते, म्हणजे चढ-उतार सगळ्यात कमी. आपल्याला हवी ती भांगाची भरती. भरतीची वेळ काढायची जुनी रीत तुम्हीही ऐकली असेल: तिथीची पाऊणपट. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि पुन्हा रात्री. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे वेंगुर्ला-मालवणला ती मुंबईच्या थोडी आधी येते. दशमी ते द्वादशी हे दिवस धरलेत की सकाळी साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान पाणी भरून थांबलेलं मिळतं. भरती पूर्ण झाल्यावर पाणी काही वेळ ना आत येत ना बाहेर जात. बाहेरचं स्वच्छ पाणी तेव्हा खडकांपर्यंत आलेलं असतं. ती वेळ तुमची. नेमकी मिनिटं तिथल्या कोणाही मच्छीमाराला विचारा, तो आकाशाकडे न बघता सांगेल.

सकाळच म्हणायचं दुसरं कारण वारा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे होते, तेच. थंडीत पहाटेपासून मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे हलकेच वाहतो, त्याने किनाऱ्यालगतचं पाणी गुळगुळीत राहतं. अकरा-बाराला जमीन तापली की वारा फिरतो, समुद्रावरून येऊ लागतो, बारीक बारीक लाटा उठतात आणि नळीत पाणी शिरायला लागतं. त्यानंतर मास्क धुऊन वाळत टाकायचा आणि जेवायला बसायचं.

मात्र मतलईची एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण शांत दिसणाऱ्या सकाळीच ती घडते. हा वारा समुद्राकडे ढकलतो. हवेने फुगवलेली ट्यूब, गादी, रबरी बदक यावर बसलेलं माणूस कळायच्या आत टोकापलीकडे जातं, आणि टोकाचा आडोसा सुटला की वारा आणखी जोर धरतो. तुमच्या भाच्याला ट्यूब अजिबात देऊ नका. अंगाला बांधलेलं लाइफ जॅकेट वेगळं. ते घातलेला माणूस बहुतेक पाण्यात असतो, वाऱ्याला सापडत नाही.

आता पाणी कसं ओळखायचं. उतरायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं किनाऱ्यावर उभं राहून नुसतं बघा. लाटा गटागटाने येतात: बराच वेळ लहान, मग चार-पाच मोठ्या. पहिल्या पाच मिनिटांत जे दिसतं त्यावर विश्वास ठेवला तर तो मोठा गट तुम्ही पाण्यात असताना येतो. वारा शून्य असूनही लाटा मोठ्या असू शकतात, कारण दूर दक्षिणेकडच्या वादळाची लाट हजारो किलोमीटर चालत येते. त्यासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचे इशारे आदल्या रात्री बघा. ‘उंच लाटा’ असं लिहिलं असेल तर दिवस सोडून द्या. दोन्ही टोकांकडे मुद्दाम बघा. अशा अर्धगोल किनाऱ्यावर लाटांनी आत आणलेलं पाणी बाहेर जायला वाट शोधतं, आणि ती वाट बऱ्याचदा खडकाच्या कडेकडेने असते. फेस किंवा पानं खडकालगत बाहेर सरकताना दिसली की त्या बाजूला जायचं नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मनात सरळ रेघ ओढा. त्या रेघेच्या आतच राहायचं, आणि खरं तर बरंच आत. मासे तिथेच आहेत.

ओढ लागलीच तर तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडे पोहू नका. किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला या, मग आत या. दमलात तर पाठीवर व्हा. समुद्राचं पाणी खारं म्हणून स्विमिंग पूलच्या पाण्यापेक्षा जड असतं, तुम्ही लालबागेत तरंगता त्याहून सहज तरंगाल. पहिल्याच मिनिटात ते कळतं आणि अर्धी भीती तिथे जाते.

गाइडबद्दल: परवानाधारक गाइड नसला तरी चालेल, पण किनाऱ्यावरचं माणूस हवंच. ज्या घरी राहाल त्यांना सांगा, त्यांच्या ओळखीतला पोहणारा कोणी मच्छीमार सकाळचे दोन तास होडी घेऊन जवळ थांबतो का विचारा, आणि त्याचे पैसे खळखळ न करता द्या. कोणती बाजू आज बरी हे त्याला दुरून कळतं. किनाऱ्यावर रापण लावलेली असेल तर त्या दिवशी तिकडे उतरू नका. ते जाळं पाण्यात अर्धवर्तुळात सोडलेलं असतं, दोन टोकांना माणसं ओढत असतात, त्यावर पंधरा-वीस घरांचं त्या दिवसाचं जेवण असतं. हवं तर ओढायला हात लावा, त्यांना आवडतं.

मास्कचं सांगतो. सगळा चेहरा झाकणारा घेऊ नका, हे माझं ठाम मत. स्वस्त मालात आपणच सोडलेली हवा आत फिरत राहायचा धोका असतो, दम लागला तर तो झटकन काढता येत नाही आणि त्यात नाक चिमटून कान मोकळे करता येत नाहीत. डोळे-नाक झाकणारा साधा सिलिकॉनचा मास्क आणि वेगळी नळी घ्या. दुकानात पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकी हवा ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर कितीही महाग असो, ठेवून द्या. कपाळावरची एक बट आत अडकली तरी पाणी झिरपतं. जावयांना मिशी असेल तर तिथूनही झिरपेल, वरच्या ओठाला थोडं व्हॅसलिन लावायचं. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, त्यामुळे ती धुकटते. पांढरी टूथपेस्ट आतून बोटाने चोळून धुवा, दोन-तीनदा करा. उतरायच्या आधी थोडी थुंकी आतून फिरवून पाण्यात बुचकळली की झालं. पोहायचा गॉगल इथे चालत नाही. त्यात नाक मोकळं राहतं, आणि थोडं खाली गेलं तरी काचा डोळ्यांवर दाबल्या जातात.

नळी साधारण ३५-४० सेंटिमीटरची असते, त्याहून लांब काही विकत असतील तर घेऊ नका. लांब नळीने खोलवर श्वास घेता येईल असं वाटतं, पण पाण्याचा दाब छाती फुगूच देत नाही. आणि हे सगळं आधी लालबागेत करा. उथळ टोकाला उभं राहून तोंड पाण्यात, नळीतून सावकाश श्वास, मग नळी मुद्दाम पाण्याने भरायची आणि ‘टू’ म्हणतो तशी फुंकर मारून रिकामी करायची. हे झोपेत जमेल इतकं होऊ द्या. समुद्रात पहिलं पाणी नळीत येतं तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

आणि मग काय दिसेल? अंदमानचं निळं पाणी मनात धरून येऊ नका. उत्तरेला कर्लीच्या खाडीचं तोंड आहे, पावसाळ्यानंतर तिचा गाळ बरेच दिवस पाण्यात असतो, म्हणून मी डिसेंबरच्या आधी जात नाही. चांगल्या दिवशीही चार-पाच हातांपलीकडचं धूसरच. पण चार-पाच हात पुष्कळ झाले. छातीभर पाण्यात, खडकापासून हातभर अंतर ठेवून, हालचाल बंद करून नुसतं तरंगत राहा. आधी कालवांनी भरलेला खडक दिसेल, बस. मग त्याच खडकावर शेवाळाचा एक तुकडा आजूबाजूपेक्षा हिरवा, नीट राखलेला दिसेल, आणि बोटाएवढा एक मासा तुमच्या काचेवर चालून येईल. ती त्याची बाग आहे. तो तिथलं शेवाळ राखतो, खातो आणि त्याच्या शंभरपट मोठ्या माणसालाही हाकलतो. अंगावर काळे पट्टे आणि पाठीवर पिवळी झाक असलेले सार्जंट मेजर नावाचे मासे थव्याने येतील. त्यातला एखादा काळपट-निळा पडलेला, एकाच जागी घुटमळणारा दिसला तर त्याच्या मागचा दगड बघा: जांभळट रंगाचा, तळहाताएवढा डाग असेल. ती अंडी. नर ती राखत असतो, परांनी वारा घालत असतो. तुम्ही जवळ गेलात की तो तुमच्याकडे वळतो आणि तेवढ्यात दुसरे मासे मागून अंडी खातात. म्हणून तिथे दोन श्वास थांबायचं आणि मागे सरकायचं. पाव-बिस्किटं टाकून आलेले मासे यातलं काहीच करताना दिसत नाहीत, ते फक्त पाव खाताना दिसतात.

खडकावर उभं राहू नका. एक तर कालवांच्या कडा पात्यासारखा पाय कापतात, दुसरं म्हणजे उभं राहिलेल्या जागी जे जगत होतं ते संपतं. प्रवाळ कुठे दिसलं तर हातही लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, तुटलेला तुकडा खिशात घालणंही गुन्हा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालीच जाहीर झालंय, पण आमच्या बाजूचे खडक कोणी राखायचे तर तिथे येणाऱ्यांनीच. वाळूत चालताना पाय उचलून न टाकता घासत न्या. वाळूत पाकट (स्टिंगरे मासा) दडलेला असतो, पायाची चाहूल लागली की तो निघून जातो. वर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो.

साहेबांबद्दल: डॉक्टरांना ‘पोहायला चालेल का’ असं मोघम विचारू नका. ‘पालथं तरंगत, तोंडात नळी धरून अर्धा तास’ असं विचारा. पाण्यात शिरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयाला काम वाढतं, आणि नळीतून श्वास घ्यायलाही जोर लागतो. डॉक्टर नको म्हणाले तर नकोच.


चष्मेवाले, रावपुरा

ताई, चष्मा मास्कमध्ये जात नाही, काड्यांमुळे कड बसत नाही. नंबरच्या तयार काचा बसवलेले मास्क मिळतात, साधारण अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्यात. सिलिंडरचा (अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा) नंबर त्यात बहुधा नसतो; तो कमी असेल तर त्याचा निम्मा मूळ नंबरात धरून काम भागतं. तुम्हाला उणे चार चालावा, कारण मास्कमधून पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपटीवर आल्यासारखी आणि एक तृतीयांशाने मोठी दिसते. शिवाय तुमच्या वयात जवळचं बघायला थोडा कमी उणे नंबर सोयीचाच पडतो. दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे असतील तर डाव्या-उजव्या काचा वेगळ्या मागवा.

कॉन्टॅक्ट लेन्स लावूनच उतरायचं असेल तर रोज फेकायच्या लावा आणि पाण्याबाहेर आल्याबरोबर काढून टाका, पुन्हा वापरू नका. पाण्यातल्या अकँथअमीबा या सूक्ष्मजीवाचा संसर्ग बुबुळाचं फार नुकसान करतो. महिनाभराच्या लेन्स घालून पाण्यात जाणाऱ्यांना मी कळकळीने अडवतो.


गौरी, अलकापुरी

आम्ही अंदमानला शहीद द्वीपला गेलो होतो, म्हणजे पूर्वीचं नील. भरतपूरच्या किनाऱ्यावरून चालतच आत गेलो. तिथेही हेच: ओहोटीत पाणी इतकं उथळ होतं की पोट प्रवाळाला लागेल, म्हणून भरतीतच उतरवतात. पाणी अप्रतिम, पण खर्च आणि विमानं बघता निवती वाईट नाही.

एक मात्र सांगते. ‘लहान, निवांत कोपरा’ म्हणजे आपोआप सुरक्षित असं धरू नका. स्वराज द्वीपला राधानगरच्या टोकाशी असाच एक सुंदर कोपरा आहे, तिथे २०१० मध्ये स्नॉर्केलिंग करणाऱ्या परदेशी तरुणीवर मगरीने हल्ला केला आणि ती गेली. कोकणच्या उघड्या किनाऱ्यावर तो प्रश्न नाही, पण जिथे जाल तिथे स्थानिकांना ‘इथे काय असतं’ हे विचाराच.


शियाबागची माधवी

परुळेकर भाऊ, किती सविस्तर लिहिलंत! प्रिंट काढून फ्रिजला लावलंय. गौरी, चष्मेवाले, निनाद, तुमचेही आभार. नरारा पुढच्या खेपेला नक्की.

अडचण अशी की आमची गाडीची तिकिटं आणि घर, दोन्ही पौर्णिमेच्या आसपासची निघाली. तीन दिवस मुक्काम आहे. बदलायचं का? भाचा विचारतोय की तो किती खोल बुडी मारू शकतो. आणि जेलीफिश लागला तर काय करायचं?


परुळ्याचा, हल्ली मांजलपूर

ताई, पाच दिवस आधीची तिकिटं मिळत असतील तर शुद्ध दशमी साधा. कुडाळला उतरून पाट-परुळेमार्गे गाडीने जायचं, तेवढं घरवाल्यांना कळवून ठेवा. नाही मिळाली तर प्रवास रद्द करू नका, बेत बदला. पौर्णिमेला तिकडे भरती सकाळी साधारण अकराला पूर्ण होते. म्हणजे नऊनंतर पाणी चढतं असतं, आणि चढतं पाणी निदान किनाऱ्याकडे ढकलतं. नऊ ते साडेदहा, वारा फिरायच्या आत, अगदी आतल्या बाजूला उतरा. पूर्ण भरतीची वाट पाहत बसलात तर खारा वारा सुटलेला असेल. पाणी उतरायला लागलं की कोणीही आत राहायचं नाही. उधाणाची ओहोटी जोरात ओढते.

भाच्याला एक गोष्ट समोर बसवून सांगा. बुडी मारायच्या आधी भराभर मोठे श्वास घ्यायचे नाहीत. मुलं एकमेकांना हे शिकवतात. श्वास घ्यायची तलफ येते ती शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. भराभर श्वास घेऊन तो घालवला की तलफ येतच नाही, आणि प्राणवायू संपून मुलगा पाण्याखाली बेशुद्ध पडतो, आवाज न करता. चांगलं पोहणारेच यात जातात. दोन-तीन मीटर पुरे, प्रत्येक बुडीला जावई वर थांबून त्याच्याकडे बघत असले पाहिजेत, आणि कान दुखला की तिथूनच वर. नाक चिमटून हलकेच फुंकायला शिकवा, दुखायच्या आधी.

जेलीफिश लागला तर वाळूने चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, चिकटलेले धागे चिमट्याने काढायचे, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा तास धरायचा. श्वास लागला, ओठ सुजले किंवा छातीत धडधडलं तर लगेच दवाखाना. जवळचा कोणता, तिथे रात्री डॉक्टर असतो का, हे पोहोचल्या दिवशीच घरवाल्यांना विचारून घ्या. पूर्ण बाह्यांचा अंगाला घट्ट बसणारा सदरा घाला, त्याने जेलीफिशपासून आणि उन्हापासून दोन्हींकडून बचाव होतो. पालथं तरंगताना पाठ भाजते आणि ते रात्रीच कळतं.

आणि पौर्णिमेचा एक मोठा फायदा साहेबांना आहे. उधाणाच्या दिवशी भरती जशी उंच, तशी ओहोटीही सगळ्यात खोल. तिकडे ती संध्याकाळी पाचच्या सुमारास येईल. एरवी पाण्याखाली असणारे खडक तेव्हा उघडे पडतात आणि खळग्यांत पाणी राहतं. साहेबांना जाड तळव्याच्या सँडल घालून, हाताला धरून साडेचारला तिथे न्या. एका खळग्याशी खुर्ची टाकून दहा मिनिटं बसवा. आधी रिकामा वाटतो. मग शंख चालायला लागतात, कारण आत खेकडे राहायला आलेले असतात. कडेच्या सांदीत समुद्रफूल उघडलेलं असतं, त्यावर सावली पडली की मिटतं. तळाच्या वाळूच्याच रंगाचा मासा हलल्यावरच दिसतो. नंबरचा चष्मा डोळ्यांवर, पाय कोरडे, आणि तुम्ही सकाळी मास्कमधून जे पाहिलंत त्यातलं पुष्कळसं त्यांनाही दिसेल. शेवाळ फार निसरडं असतं, ओल्या हिरव्या दगडावर पाय देऊ नका. दगड उलटून खाली बघितलंत तर पुन्हा होता तसाच ठेवा, खालच्या बाजूला चिकटलेलं जे असतं ते उन्हात मरतं. सहाच्या आत मागे फिरा, पाणी तोवर वळलेलं असतं आणि परतीची वाट आधी तेच अडवतं.